शेकडा तीन

आमच्याकडे खासगी व्याज टक्क्यांत सांगत नाहीत, शेकड्यात सांगतात. "काय भावानं उचलले?" "तीननं." म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन रुपये. आकडा ऐकायला इतका साधा वाटतो की त्याची भीती वाटत नाही. वर्षाचे छत्तीस होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण छत्तीस कुणी म्हणत नाही. तीनच म्हणतात.

२०१० च्या गुढीपाडव्याला दादांनी तीननं साठ हजार उचलले. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या भागात बऱ्याच घरी वडलांना दादाच म्हणतात. ताईचं लग्न ठरलं होतं आणि मी तेव्हा सहावीत होते. आमचं गाव जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या बाजूला. पुण्यात कुणाला येलदरी सांगितलं की म्हणतात, अरे वा, धरण जवळ, मग पाण्याची चंगळच. धरण जवळ आहे, पाणी नाही. कालव्याचं पाणी खाली सिद्धेश्वरच्या पुढं फिरतं आणि आमचं चार एकर रान आभाळाकडं बघत बसतं.

सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं होतं, त्यामुळं बँकेचं दार बंद. पैसे गावातल्याच एकांनी दिले. त्यांना आम्ही काका म्हणायचो, अजूनही म्हणतो. बोली अशी होती की दर पाडव्याला जमेल तेवढं द्यायचं, राहिलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा कागद करायचा. एका कोऱ्या स्टॅम्पवर दादांची सही होती. नाहीच फिटलं तर रस्त्याकडची दोन एकर काकांची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण बोलीत होतं, आणि गावात बोलीला कागदाइतकंच वजन असतं.

दादा सातवीपर्यंत शिकलेले, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. कापसाच्या पट्टीवर नुसती नजर टाकून व्यापाऱ्यानं कुठं मारलं ते सांगतात. दर पाडव्याला ते पंधरा हजार नेऊन द्यायचे. कापूस विकला की आधी ते पंधरा हजार बाजूला, मग बाकी सगळं. एकही पाडवा चुकला नाही याचा त्यांना अभिमान होता. शेजारच्या एकाचं रान असंच गेलं होतं, पण "त्यानं भरलंच नाही," असं दादा म्हणायचे. आपण भरतो, म्हणजे आपलं रान सुरक्षित.

दहावीनंतर मी परभणीला सायन्सला आले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण तिकडच्या प्रत्येकानं ऐकलेली असते आणि परभणीच्या बाहेरच्या प्रत्येकाला ती आम्हाला ऐकवायची हौस असते. वसमत रोडला आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. खोलीला एक खिडकी, ती पश्चिमेला. परभणीचा एप्रिल ज्यांनी पश्चिमेच्या खिडकीतून पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यामुळं केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या पोरांच्या दप्तरात ते पातळ पुस्तक कायम. लॉग आम्हाला शिकवला तो असा: गुणाकार असेल तर लॉगची बेरीज करा, भागाकार असेल तर वजाबाकी, शेवटी अँटीलॉग काढा. पहिल्या दोन आकड्यांची ओळ, तिसऱ्याचा कॉलम, चौथ्यासाठी मीन डिफरन्स. दशांश चिन्ह कुठं द्यायचं यावरून निम्म्या वर्गाचे मार्क जायचे. हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मला वाटायचं, कॅल्क्युलेटर न देण्याची ही शिक्षा आहे.

मग बारावीला केमिकल कायनेटिक्स आलं. एखादा पदार्थ ठराविक दरानं विघटित होत जातो, तर तो अमुक इतका उरायला किती वेळ लागेल? सूत्रात एक २.३०३ असतो आणि त्याच्या पुढं लॉग. सर फळ्यावर गणित सोडवत होते आणि मी सवयीनं उतरवून घेत होते. मध्येच माझा पेन थांबला. आतापर्यंतच्या गणितांत उत्तर रुपयांत, ग्रॅममध्ये, मीटरमध्ये यायचं. इथं उत्तर वेळ होती. किती उरेल हे आधीच दिलेलं होतं, विचारलं होतं कधी. आणि तो 'कधी' घातांकात जाऊन बसला होता, वर, छोट्या अक्षरात, जिथं भागाकार पोचत नाही.

हे जरा उलगडून सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. पाच वर्षांनी कर्ज किती होईल, हे काढायला लॉग लागत नाही. १.३६ नं पाच वेळा गुणा, झालं. हे दादाही करू शकतात, तोंडी. पण प्रश्न उलटा करा. कर्ज दहापट व्हायला किती वर्षं? १.३६ ला स्वतःनंच किती वेळा गुणलं की १० येतात? १० ला १.३६ नं भागून उत्तर येत नाही, कारण तुम्ही शोधताय ती संख्या गुणाकारात नाहीच, गुणाकार किती वेळा केला त्या मोजणीत आहे. लॉग घेतला की ती मोजणी खाली उतरते आणि साधी गुणक होऊन शेजारी उभी राहते. मग नेहमीचा भागाकार चालतो. लॉगचं एवढंच काम. बाकी सगळी टेबलातली हमाली.

त्या वर्षी, २०१५ ला, पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. दिवाळीला घरी गेले तर घरात वेगळंच वातावरण. त्या पाडव्याला काकांनी एक लाख सत्तावीस हजारांचा कागद केला होता आणि दादांनी सही केली होती, पण तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून ते जात नव्हतं. त्यांचा हिशोब असा: साठ हजारांचं वर्षाचं व्याज एकवीस हजार सहाशे. आपण भरतो पंधरा. राहिले सहा हजार सहाशे. पाच पाडवे झाले, म्हणजे तेहेतीस हजार. साठ आणि तेहेतीस, त्र्याण्णव हजार. हे एक सत्तावीस कुठून आले? चौतीस हजारांची चोरी. दादा आणि काका यांच्यात छत्तीसचा आकडा झाला होता. पारावर एकमेकांशी बोलत नव्हते.

"तू शिकायलीस ना कॉलेजात," दादा म्हणाले. "कर बरं हिशोब. मला कागदावर पाहिजे. त्याच्या म्होरं ठेवतो."

मला आठवतंय, मी खूश झाले होते. काकांना पकडायचं होतं मला. खताच्या दुकानाच्या कॅलेंडरचं मागचं पान घेतलं आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओसरीवर बसले. साठ हजार, अधिक व्याज, वजा पंधरा: सहासष्ट हजार सहाशे. त्यावर पुन्हा छत्तीस, वजा पंधरा: पंचाहत्तर हजार पाचशे शहात्तर. मग सत्त्याऐंशी हजार सातशे त्र्याऐंशी. मग एक लाख चार हजार तीनशे पंच्याऐंशी. पाचव्या पाडव्याला १,२६,९६४.

काकांचा आकडा १,२७,०००. फरक छत्तीस रुपयांचा.

मी तीनदा केलं. दरवेळी तेच. चोरी नव्हती. दादांनी पहिल्या वर्षीची तूट पाचनं गुणली होती, आणि ती तूट स्वतःच दरवर्षी छत्तीस टक्क्यांनी मोठी होत होती. पाच वर्षांत पंचाहत्तर हजार भरून साठ हजारांचे एक सत्तावीस झाले होते, आणि हिशोब चोख होता. हिशोबात चूक निघाली असती तर भांडता आलं असतं.

दादांना सकाळी सांगायचं ठरवलं आणि झोप लागेना म्हणून दप्तरातून लॉग टेबल काढलं. प्रश्न साधा घेतला. समजा काहीच भरलं नसतं, तर साठ हजारांचे सहा लाख कधी झाले असते? सहा लाख यासाठी की रस्त्याकडच्या दोन एकरांची किंमत तेव्हा साधारण तेवढी होती, एकरी तीन. कर्ज दहापट व्हायला हवं. १.३६ चा न वा घात बरोबर १०. दोन्हीकडं लॉग घ्या. १० चा लॉग १, टेबल उघडायचीसुद्धा गरज नाही. १.३६ साठी तेराव्या ओळीत सहाच्या कॉलमखाली: १३३५. म्हणजे न गुणिले ०.१३३५ बरोबर १. एकाला ०.१३३५ नं भागलं.

७.४९.

साडेसात वर्षं. मी त्या आकड्याकडं बघत बसले. आई गेली दोन-तीन वर्षं दर शनिवारी मारुतीला तेल घालत होती. कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्या घराला साडेसाती आहे.

पण दादा तर भरत होते. म्हणून दुसरं गणित मांडलं, आणि त्याला रात्रीचे दोन वाजले. यात एक गोष्ट सापडली जी नंतर मी कित्येक जणांना सांगितलीय. पंधरा हजार हे छत्तीस टक्क्यांनी किती रकमेचं व्याज होतं? पंधरा हजारांना ०.३६ नं भागा: ४१,६६७. म्हणजे दादांचे दर पाडव्याचे पंधरा हजार साठातल्या ४१,६६७ रुपयांना दावणीला बांधून ठेवत होते. ते हलत नव्हते, वाढत नव्हते, कमीही होत नव्हते. उरलेले १८,३३३ मात्र पहिल्या दिवसापासून मोकाट सुटले होते. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. ते दरवर्षी १.३६ पट होत चालले होते, आणि पाच वर्षांत त्यांचे पंच्याऐंशी हजार झाले होते. दादांचा सगळा कापूस दावणीपाशी खर्ची पडत होता.

तर हे मोकाट जनावर दोन एकर कधी खाणार? ४१,६६७ अधिक १८,३३३ गुणिले १.३६ चा न वा घात, बरोबर सहा लाख. सहा लाखांतून दावणीचे वजा केले, १८,३३३ नं भागलं, आले ३०.४५. त्याचा लॉग १.४८३६. भागिले ०.१३३५. उत्तर ११.११ वर्षं. म्हणजे २०२१ चा पाडवा आणि वर थोडं. एकही पाडवा न चुकवता भरलं तरी. दादांच्या पंधरा हजारांनी रान वाचवलं नव्हतं, साडेतीन-पावणेचार वर्षं लांबवलं होतं.

आणि त्या वर्षी तर पंधराही जमणार नव्हते. कापूस गुडघ्याच्या वर गेलाच नव्हता. येत्या पाडव्याला कागद १,७२,६७१ चा झाला असता, आणि तिथून काहीच भरलं नाही तर सहा लाख व्हायला चार वर्षं.

एक गणित मी करायला नको होतं. पहिल्यापासून पंधराच्या जागी पंचवीस भरले असते तर? लॉगनं सांगितलं ६.४९. सातव्या पाडव्याला आम्ही मोकळे. वर्षाला फक्त दहा हजारांचा फरक. अर्थात ते दहा हजार कुठून आणायचे होते हे टेबलात नसतं. माझी खोली, माझे क्लास, ताईचं पहिलं बाळंतपण, यातच ते होते. ते पान मी फाडून टाकलं. दादांना दाखवलं नाही. आज हे वाचूनच कळेल त्यांना.

सकाळी सांगितलं. आधी १,२६,९६४. दादा काहीच बोलले नाहीत. मग साडेसात. मग अकरा. त्यांनी कॅलेंडरचा कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"हे साडेसात कुठून आलं?"

"लॉगनं, दादा."

"म्हंजे साडेसातीच की."

"तुम्ही भरलं म्हणून अकरा झाले."

"पर जाणार."

"जाणार."

आई चुलीपुढून म्हणाली, "आज इकलं तर किती इकावं लागंल?" घरात इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विकणं म्हणजे हरणं, आणि भरत राहणं म्हणजे लढणं, असं आमच्या घरात होतं. मी म्हटलं, एक एकर. आई म्हणाली, "मंग एकच जाऊ दे. दोन कशाला?" दादा उठून रानात गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. ते चार-पाच तास मी आणि आई काहीही न बोलता शेंगा फोडत होतो. जिंतूर तालुक्यातली दिवाळीनंतरची दुपार, वारा नाही, आणि रानाकडं बघायची हिंमत दोघींनाही नाही. का ते लिहायची गरज नाही. तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना कळलं असेल.

दादा आले, हातपाय धुतले, म्हणाले, "मागचं देऊ. रस्त्याचं नाही."

दुष्काळात भाव पडलेला. मागचं एकर चुलत चुलत्यांनी दोन लाख सत्तर हजारांना घेतलं. त्यावर बांधाला एक आंबा आहे, तोही गेला. पाडव्याच्या आधी काकांकडं गेलो. दादा, चुलते, मी. मला बरोबर न्यायचं दादांनीच ठरवलं, आणि गावात बारावीची पोरगी अशा बैठकीला नेणं तेव्हा सोपं नव्हतं. काकांनी चहा केला. एक साठवर तोड झाली. स्टॅम्प परत आला, दादांनी तो घडी करून खिशात ठेवला. फाडला वगैरे नाही. सिनेमातच फाडतात.

निघताना काका म्हणाले, "पोरीनं हिशोब केला म्हणं. दाखीव की." मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. साडेसातवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"काहीच नाही भरलं तर रान यायला लागणारी वर्षं."

ते हसले. खोचक नाही, ओळखीचं हसले. "बराबर हाय. आमाला अंदाज असतो. सात-आठ पाडव्यात रान येतं."

मी दोन दिवस तोंडी भागाकार करून जे काढलं ते त्यांना आधीच माहीत होतं. लॉग न शिकता. एका रानावरून नाही, अनेक रानांवरून. आणि आम्हाला ते माहीत नव्हतं, कारण आमच्याकडं एकच रान होतं.

पुढच्या गोष्टी मला नंतर कळल्या. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, एकूण वसुली दुपटीपर्यंतच. मनुस्मृतीतसुद्धा पैशाच्या कर्जाला ही मर्यादा सापडते. मुंबई सावकारी कायद्यानं १९४६ ला तेच तत्त्व धरलं. छत्तीस टक्क्यांनी दुप्पट व्हायला किती लागतं हे आता तुम्हीही काढू शकता: २ चा लॉग ०.३०१०, भागिले ०.१३३५, सव्वादोन वर्षं. म्हणजे दामदुपट म्हणजे खरं तर एक तारीखच. पण दर पाडव्याला कागद पालटला की व्याज मुद्दल होऊन बसतं, आणि नव्या कागदावर ते व्याज म्हणून दिसतच नाही. त्या पालटण्यात सगळी मेख होती. मला लहानपणी वाटायचं, पाडव्याला नवीन कागद करतात तो मानाचा.

२०१४ पासून महाराष्ट्रात नवा सावकारी कायदा आहे. त्यानुसार परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. बिनपरवाना सावकारानं जमीन घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो आणि जमीन परत मिळू शकते. म्हणजे आम्ही काकांच्या ओट्यावर चहा पीत तोड करत होतो तेव्हा कायदा आमच्या बाजूनं उभा होता. मित्र विचारतात, तक्रार का नाही केली? ताईचं लग्न अडलं होतं तेव्हा दार उघडणारे तेच एक होते. आईला रात्री दवाखान्यात न्यायला जीप त्यांचीच. यातलं काय बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी नऊ टक्क्यांची पाटी घेऊन दादांपुढं उभी राहणार नाही.

मी आता पुण्यात एका औषध कंपनीत स्टॅबिलिटीचं काम बघते. गोळ्या ठराविक उष्णतेत आणि दमटपणात ठेवायच्या, दर काही महिन्यांनी त्यातलं औषध किती उरलं ते मोजायचं, आणि ते नव्वद टक्क्यांवर कधी येईल ते काढायचं. पहिल्या क्रमाचं विघटन असेल तर ०.१०५ ला दराच्या स्थिरांकानं भागायचं. तुमच्या पाकिटावर एक्स्पायरी छापलेली असते ती साधारण अशी येते. मुलाखतीत मला विचारलं होतं, लॉग कुठं शिकलात. मी कॉलेजचं नाव सांगितलं.

पहिलं क्रेडिट कार्ड आलं तेव्हा मी बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, कारण मी कुणाची मुलगी आहे. महिन्याला साडेतीन टक्के. शेकडा साडेतीन! काका तीननं देत होते. चक्रवाढीनं वर्षाचे एक्कावन्न टक्के होतात. १.०३५ चा लॉग ०.०१४९, दुप्पट व्हायला वीस महिने. आणि वर 'मिनिमम ड्यू' नावाचं ते बटण. दरमहा तेवढंच भरून खरेदी चालू ठेवणाऱ्या, "मी तर कधीच चुकवत नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणी मला ऑफिसात दिसतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला दादांचा तो अभिमान दिसतो. एकीला मी दावण आणि मोकाटची गोष्ट सांगितली. तिनं डब्यातली भाकरी खाली ठेवून फोन काढला आणि स्वतःचं मोकाट किती आहे ते शोधलं. किती निघालं ते सांगत नाही.

एक वेगळीच गोष्ट मध्येच सांगते, कारण ती आमच्या तालुक्याशी लागून आहे. जिंतूरला नेमगिरी आहे, डोंगरातली जैन लेणी. शाळेची प्रत्येक सहल तिथंच जायची, इतकी की आम्ही कंटाळायचो. पुण्यात आल्यावर वाचलं, की वीरसेन नावाच्या जैन आचार्यांनी नवव्या शतकात 'धवला' या टीकाग्रंथात 'अर्धच्छेद' नावाची कल्पना वापरली आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. आठाचा तीन, बत्तीसचा पाच. दोन संख्यांच्या गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हेही त्यात आहे. हा सरळसरळ दोनच्या पायाचा लॉग. तीननं, चारनं भागण्याचे त्रिकच्छेद, चतुर्थच्छेदही आहेत. नेपियरची कोष्टकं यायची होती १६१४ ला. धवलाचं छापील संपादन हिरालाल जैन यांनी १९३९ पासून काढलं, तेही आपल्या अमरावतीहून. वीरसेनांनी लॉग टेबल केलं नव्हतं, त्यामुळं 'आमच्याकडं सगळं आधीच होतं' छाप फॉरवर्ड कृपया करू नका. मला आवडला तो शब्द. लॉग म्हटल्यावर मला काही दिसत नाही. अर्धच्छेद म्हटल्यावर भाकरी निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी करणारा हात दिसतो. अकरावीला हा शब्द मिळाला असता तर कदाचित वर्ष वाचलं असतं. किंवा नसतंही. सहावीतल्या पोरीला कोण विचारतं.

गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. मागचं एकर चुलते परत द्यायला तयार आहेत, त्यांचा मुलगा संभाजीनगरला फ्लॅट घेतोय. भाव अर्थातच तेव्हाचा नाही. माझे साठलेले आणि दादांचे मिळून जे आहेत ते घातले तरी पाच लाख कमी पडतात. सोसायटीचं मधल्या काळात फिटलं, त्यामुळं आता बँक दारात उभं करते. बँक दहानं म्हणते. शेकडा दहा नव्हे, सालाचे दहा. दादांनी ते दोनदा विचारून घेतलं होतं.

"सालाला लाख भरले तर?" दादा म्हणाले. किती व्याज, किती मुद्दल, काही नाही. "कधी?"

"थांबा, फोन आडवा करते." आडवा केला की लॉगचं बटण येतं. पाच लाखांचं व्याज पन्नास हजार. लाखातून ते गेले, उरले पन्नास. लाख भागिले पन्नास, दोन. दोनचा लॉग, भागिले १.१ चा लॉग.

"सव्वासात सालं, दादा."

तिकडं जरा शांतता. मागं आईचा आवाज, शेळी ओरडतेय.

"म्हंजे साडेसातीपेक्षा कमीच."

"पाव सालानं."

"नव्वदनं बघ बरं. लाख जरा जड जातील."

"साडेआठ."

"हं." मग आईला काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "आंब्याला औंदा मोहर लई हाय. लाखानंच बघू."